फोनला रिपेअर इंडेक्स, मग जुन्या गाडीच्या बुशला का नाही?

मे २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे एका समितीने अहवाल दिला. विषय होता 'रिपेअरेबिलिटी इंडेक्स'. सोप्या भाषेत सांगायचं तर, एखादा फोन किंवा घरातलं उपकरण दुरुस्त करणं किती सोपं आहे त्याचे गुण. पार्टपर्यंत पोहोचायला किती काही उघडावं लागतं, पार्ट वाजवी वेळेत मिळतो का, दुरुस्तीची माहिती कंपनी देते का, स्क्रू आणि टूल्स साधे आहेत की खास, सॉफ्टवेअर अपडेट किती काळ मिळणार, असे निकष. युरोपियन युनियनमध्ये २० जून २०२५ पासून नव्या फोनच्या लेबलवर 'ए' ते 'ई' अशी दुरुस्तीची श्रेणी छापावी लागते. फ्रान्समध्ये असा इंडेक्स २०२१ पासूनच आहे.

आपल्यासारख्या फोनवाल्यांना यातलं दुखणं लगेच कळतं. बॅटरी गोंदाने चिकटवलेली, डिस्प्ले बदलायचा तर फ्रेमसकट घ्या, चार्जिंग पोर्ट खराब झाला तर आख्खा सब-बोर्ड घ्या. पण घरातली फोनपेक्षा कितीतरी महाग आणि कितीतरी जास्त वर्षं वापरायची वस्तू म्हणजे गाडी. तिच्या बाबतीत हे गुण कोण देतं? सध्या तरी कोणीच नाही. आणि हा प्रश्न किती खरा आहे ते बघायचं असेल तर गाडीतला एक अगदी साधा पार्ट घेऊ या. पुढच्या सस्पेन्शनचा बुश. त्यात चिप नाही, सेन्सर नाही, सॉफ्टवेअर तर नाहीच. फक्त रबर आणि लोखंड.

बातम्या सगळ्या वयाच्या

गेल्या काही काळात जुन्या गाड्यांविषयी बरंच काही घडलं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे फिटनेस तपासून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ती १०,००० झाली. दिल्लीत १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर कारवाईचा घोळ चालू होता. १२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून सक्तीची कारवाई नको म्हटलं आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. तिकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. आधी बऱ्याच पार्टवर तो २८ टक्के होता.

हवेच्या प्रदूषणासाठी इंजिन कुठल्या बीएसचं आहे हे बघणं मला पटतं. इंजिन जुनं तंत्रज्ञान असेल तर ते नवा पार्ट टाकून बदलत नाही. पण गाडी रस्त्यावर सुरक्षित आहे का, हा वेगळा प्रश्न. त्याचं उत्तर आरसी बुकावरच्या तारखेत नसतं. ७ वर्षांची, रोज खड्ड्यांतून धावणारी टॅक्सी आणि १६ वर्षांची, रविवारी देवदर्शनाला निघणारी घरची गाडी, यातली कुठली जास्त खिळखिळी झाली असेल ते तारीख सांगत नाही. ते खालून सांगतात हे रबरी तुकडे.

बुश म्हणजे नेमकं काय

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट सस्पेन्शन असतं. वर शॉकअप आणि स्प्रिंग, खाली एक लोखंडी हात, ज्याला गॅरेजमध्ये 'लोअर आर्म' म्हणतात. या आर्मचं एक टोक बॉल जॉइंटने चाकाच्या नकलला जोडलेलं. दुसरीकडे तो दोन ठिकाणी गाडीच्या सांगाड्याला बोल्टने बसतो. त्या दोन ठिकाणी दोन बुश.

बुशची रचना बघितली तर मजा वाटते. बाहेर एक लोखंडी नळी, आत एक छोटी लोखंडी नळी, आणि दोघींच्या मध्ये रबर. हे रबर नुसतं ठोसून भरलेलं नसतं, दोन्ही नळ्यांना पक्कं चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी सांगाड्याला घट्ट धरली जाते, ती फिरत नाही. चाक वर-खाली होतं तेव्हा आर्म हलतो आणि मधलं रबर पिळलं जातं. म्हणजे इथे बिजागरीसारखं काही घासत नाही. रबर पिळतं आणि परत सरळ होतं, एवढंच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

दोन्ही बुशचं काम सारखं नसतं. बऱ्याच गाड्यांत एक बुश कडक असतो, तो चाकाला जागेवर धरतो. दुसरा, सहसा मागचा, मोठा आणि मऊ असतो. त्याच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, म्हणजे खड्ड्यात चाक आदळल्यावर ते किंचित मागे सरकून धक्का खातं. बहुतेक वेळा आधी फाटतो तो हाच. आपल्या रस्त्यांवर त्याची काय अवस्था होते ते वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात खड्डे, उन्हाळ्यात तापलेला डांबर रस्ता, आणि वर्षभर सोसायटी-सोसायटीने आपल्या मर्जीने घातलेले स्पीडब्रेकर.

रबर वयाने कडक होतं, चिरतं आणि शेवटी नळीपासून सुटतं. मग काय होतं? स्पीडब्रेकरवरून हळू जाताना खालून 'खट्' असा आवाज. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, सोडला की सरळ होते. हायवेवर स्टिअरिंग सतत थोडं-थोडं सावरत बसावं लागतं. टायर आतल्या कडेने झिजतो. हे सगळं हळूहळू होतं, त्यामुळे रोज तीच गाडी चालवणाऱ्याला जाणवतसुद्धा नाही. पाहुणा चालवतो तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत म्हणतो, 'अरे, ही डावीकडे का जाते?'

फोनने तपासा

इथे तुमचा फोन खरंच कामाचा आहे. मोकळ्या सपाट जागेत गाडी लावा. पुढचं चाक आणि त्यावरची पत्र्याची कमान दोन्ही फ्रेममध्ये येतील असे बाजूला, गाडीपासून चार-पाच फूट लांब उभे राहा. गाडीच्या पुढे किंवा मागे अजिबात नाही. फोन स्लो-मोशनवर. चालवणाऱ्याने गाडी चालण्याच्या वेगाने दोन-तीन फूट पुढे घेऊन ब्रेक मारायचा, मग तेवढीच मागे घेऊन ब्रेक मारायचा. दोन्ही बाजूंचे व्हिडिओ घ्या आणि शेजारी-शेजारी लावून बघा. चाक कमानीत पुढे-मागे सरकताना स्पष्ट दिसलं, किंवा एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त सरकलं, तर मागच्या बुशवर संशय घ्यायला जागा आहे. डोळ्याला हे दिसत नाही, २४० फ्रेममध्ये दिसतं.

हा पुरावा नव्हे, संशय आहे. तसाच खट् आवाज स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडमधून येतो, शॉकअपच्या वरच्या माउंटमधून येतो, बॉल जॉइंटमधूनही येतो. बॉल जॉइंट तर जास्त गंभीर, तो सुटला तर चाकच वाकडं पडतं. खरी तपासणी गाडी लिफ्टवर घेऊन, आर्मखाली टामी लावून, थोडा जोर देऊन होते. मेकॅनिकला सांगा, 'दादा, जरा दाखवा मला,' आणि त्याचाही व्हिडिओ घ्या. रबरावर वरवरच्या बारीक रेषा असतील तर घाबरू नका, जुन्या रबरावर त्या असतातच. रबर आरपार फाटलंय, किंवा नळीपासून सुटून फट दिसतेय, तर काम काढा.

आर्मला पार्ट नंबर आहे, बुशला नाही

आता मुद्द्यावर येतो. आमच्या घरी २०१० ची पेट्रोल हॅचबॅक आहे. डावीकडचा मागचा बुश फाटलेला, उजवीकडचा त्याच वाटेवर. अधिकृत सर्व्हिस सेंटरचा अंदाज आला ९,२०० रुपये. त्यात दोन्ही बाजूंचे पूर्ण लोअर आर्म, मजुरी आणि अलाइनमेंट. मी विचारलं, नुसते बुश का नाही? काउंटरवरच्या ताईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. त्या आर्मच्या चित्राला एकच नंबर होता. बुश चित्रात दिसत होते, पण त्यांना नंबरच नव्हता. नंबर नाही म्हणजे स्टॉक नाही, किंमत नाही, ऑर्डर नाही. सिस्टिममध्ये तो पार्ट अस्तित्वातच नाही.

सॉफ्टवेअरवाल्याला हे बघून गंमत वाटते. बगफिक्स एका फाइलमध्ये आहे, पण मिळणार आख्खं नवं इन्स्टॉलेशनच.

तेच बुश पुण्यात नाना पेठेत मिळाले. चार बुश १,२४० रुपये, आमच्या भागातल्या गॅरेजमध्ये काढून-घालून आणि प्रेस करून १,२००, अलाइनमेंट ५००. एकूण २,९४०. सर्व्हिस सेंटरच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी.

सर्व्हिस सेंटरची बाजूही सांगायला हवी. पूर्ण आर्म बदलणं म्हणजे तीन-चार बोल्टचं काम, चूक व्हायची शक्यता कमी, आणि त्यावर वॉरंटी देता येते. बुश प्रेस करायला मशीन लागतं, वेळ लागतो, आणि हात बसलेला माणूस लागतो. शिवाय बऱ्याच आर्मला बॉल जॉइंट कायमचा बसवलेला असतो. तोच झिजला असेल, किंवा आर्म गंजलेला किंवा वाकलेला असेल, तर नुसते बुश घालणं हा कंजूषपणा झाला, पूर्ण आर्मच घ्यावा. आमच्या गाडीचे बॉल जॉइंट घट्ट होते, म्हणून हिशोब बुशच्या बाजूने गेला. पण हा निर्णय गाडी बघून व्हायला हवा. कॅटलॉगने आधीच घेऊन टाकलेला असू नये.

आता जीएसटीकडे परत या. आर्मची मूळ किंमत ५,००० धरली तर २८ टक्क्यांनी ६,४०० होत होते, १८ टक्क्यांनी ५,९०० होतात. वाचले ५००. चांगलंच आहे, नको कोण म्हणेल? पण आर्मऐवजी बुश विकत मिळाला तर त्याच्या कितीतरी पट वाचतात, आणि चांगला लोखंडी आर्म भंगारात जात नाही तो वेगळाच. कर कमी झाल्याची बातमी होते. पार्ट कुठल्या तुकड्यांत विकायचा, हे ठरतं कंपनीच्या कॅटलॉगमध्ये, आणि त्याची बातमी होत नाही.

भारतात या विषयाला हात घातला गेलाच नाही असं नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे पार्ट आणि तपासणीची टूल्स खुल्या बाजारात मिळत नाहीत, म्हणून बाहेरच्या गॅरेजला स्पर्धाच करता येत नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा. बाहेर काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका, असंही त्यात होतं. पुढे प्रकरण अपिलांमध्ये गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं यांच्यासोबत वाहनंही आहेत. म्हणजे तत्त्व म्हणून गाडी यादीत आहे. पण 'सुटा पार्ट उपलब्ध आहे' या वाक्यात पळवाट आहे. आर्म उपलब्ध आहे ना? मग झालं. फोनच्या इंडेक्समध्ये 'किती काही उघडावं लागतं' हा निकष जसा आहे, तसा गाडीसाठी 'किती लहान तुकडा विकत मिळतो' हा निकष हवा. जे झिजणार हे डिझाइन करतानाच माहीत असतं, बुश, रबर बूट, बेअरिंग, लिंक, त्याला स्वतंत्र पार्ट नंबर आणि जाहीर किंमत. हे मागणं फार मोठं नाही.

नव्या गाड्यांत तर हे जास्त लागणार आहे. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, पण लोअर आर्म आहे, बुश आहे, आणि बॅटरीमुळे वजन जास्त आहे.

काम करून घेताना

आता ती दोनदा लागणारी गोष्ट. बुशमधलं रबर पिळतं, घासत नाही. म्हणून पहिलं, आवाज आला की कोणी त्यावर ऑइल मारत असेल तर थांबवा. आवाज दोन दिवस बंद होईल, पण ऑइलने साधं रबर फुगतं आणि लवकर खराब होतं.

दुसरं जास्त महत्त्वाचं, आणि इथेच चांगली चांगली गॅरेज घाई करतात. आर्म बसवताना गाडी लिफ्टवर असते, चाकं खाली लोंबकळत असतात. त्याच अवस्थेत बुशचे बोल्ट पूर्ण आवळले तर आतली नळी त्या कोनात पकडली जाते. गाडी खाली उतरली की आर्म वर येतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी नुसती उभी असतानासुद्धा. असा नवा बुश काही महिन्यांतच फाटू शकतो आणि मग आपण पार्टला शिव्या देतो. बरोबर पद्धत अशी: बोल्ट आधी नुसते बसवायचे, मग गाडीचं वजन चाकांवर आणायचं, आणि त्यानंतर कंपनीने दिलेल्या टॉर्कला शेवटचं आवळायचं. खाली हात जात नसेल तर गाडी रॅम्पवर किंवा चार चाकांच्या लिफ्टवर घ्यावी लागते. काम सुरू व्हायच्या आधीच विचारा, 'शेवटचं टाइट गाडी खाली घेऊन करता ना?' उत्तरावरून गॅरेज कळतं.

जुना बुश काढताना प्रेस वापरला तर उत्तम. हातोड्याने ठोकून घातला तर बाहेरची नळी वाकते किंवा रबर आधीच दुखावतं. काही जण जुनं रबर गॅस कटरने जाळून काढतात, धूर भयंकर आणि आर्मलाही बरं नाही. पोकळ्या असलेला मागचा बुश विशिष्ट दिशेनेच बसतो, त्यामुळे जुना काढायच्या आधी आर्मवर खूण करून फोटो काढून ठेवावा. बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम बदला, नाहीतर एक बाजू कडक आणि एक मऊ राहते. आणि नंतर व्हील अलाइनमेंट हवंच, ते वाचवलेले ५०० रुपये टायरमधून दामदुपटीने जातात.

पॉलियुरेथेनचे बुश ऑनलाइन छान रंगीत दिसतात, रील्सही खूप आहेत. ते टिकतात, स्टिअरिंग चटकन प्रतिसाद देतं. पण धक्के जास्त आत येतात, काहींना ठरावीक ग्रीस लागतं, नाहीतर कुरकुरतात. आईला दवाखान्यात न्यायच्या गाडीत मी ते घालणार नाही. साधं, चांगल्या कंपनीचं रबर पुरे. नकली माल मात्र सांभाळा, खोका तोच आणि आतला बुश भलताच असं होतं. बिल घ्या, पार्टवर कोरलेलं नाव बघा, क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा.

हे सगळं घरी जॅक लावून करायचा मोह झाला तर एवढंच, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. घोडी लावल्याशिवाय डोकंसुद्धा आत घालायचं नाही.

नूतनीकरणाला जायच्या आधी हे तपासून घेण्यात आणखी एक फायदा आहे. सप्टेंबर २०२१ च्या नियमांनुसार उभ्या राहणाऱ्या स्वयंचलित चाचणी केंद्रांत साइड स्लिप आणि जॉइंट प्ले तपासायची यंत्रं असतात. जॉइंट प्लेच्या यंत्रावर चाकाखालची पाटी सरकते आणि खालचे सगळे सांधे किती ढिले आहेत ते उघडं पडतं. अशी केंद्रं अजून सगळीकडे नाहीत, जिथे नाहीत तिथे निरीक्षकाच्या नजरेवर भागतं. माझ्या मते गाडीच्या आयुष्याचा निर्णय या पाटीवर व्हायला हवा. ५,००० रुपये फी तर कागदाची झाली, त्यात गाडीचा एक बोल्टही आवळला जात नाही.

तोवर जुनी गाडी घेणार असाल, किंवा घरचीच पुढे चालवणार असाल, तर एक फोन कराच. कंपनीच्या पार्ट काउंटरला मॉडेल आणि वर्ष सांगा आणि विचारा: लोअर आर्मचे बुश सुटे मिळतात का, पार्ट नंबर काय, किती दिवसांत येतील. तोच प्रश्न बाहेरच्या दुकानात विचारा. दोन्हीकडची उत्तरं लिहून ठेवा.